चुन्याची निवळी आणि जांभळा थर

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला मालवणच्या नाहीतर रत्नागिरीच्या कातळावर उतरलात, तर डबक्यांच्या आतल्या बाजूला गुलाबी-जांभळा थर दिसेल. होडीचा रंग सांडलाय असंच वाटतं. नखाने खरवडून बघा, काही निघत नाही. हे कोरलाइन शैवाल. लाल शैवालांपैकी हे, आणि आपल्या पेशींच्या भिंतीत ते चुना भरत जातं, तोही मॅग्नेशियम मिसळलेला. आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ या चुन्यात आहे. नवी रीफ टाकी, म्हणजे घरात प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावली की दोन महिन्यांत पहिला प्रश्न येतो, ‘दगड अजून पांढरेच का?’ आणि उत्तर बहुतेक वेळा विकतच्या औषधाच्या बाटलीत शोधलं जातं. ते बाटलीत नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. समुद्र दाराशी आहे म्हणून कातळावरचा दगड उचलून टाकीत टाकायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, आणि दगडाबरोबर बारीक प्रवाळ आले तर तो गुन्हा ठरतो. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अंगणातला जांभाही नको. त्यात चुना नाही आणि तांबडा भुगा झडत राहतो.

टाकीत कोरलाइनचं बीज आणावं लागतं, कोरडा दगड आपोआप जांभळा होत नाही. ओळखीच्या जुन्या टाकीतून जांभळा थर चढलेला नखाएवढा दगडाचा तुकडा, फ्रॅग प्लग (प्रवाळाचा तुकडा चिकटवायची छोटी चकती) किंवा टर्बो जातीची समुद्री गोगलगाय मिळाली तरी पुरे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय हे टाकीत सोडू नका, म्हणजे पहिले चार-सहा आठवडे थांबा. तुकडा आणताना ओल्या कपड्यात नको, टाकीच्याच पाण्यात बुडवून आणा. हवेत उघडा राहिला की थर पांढरा पडतो. मग त्यावरचा थोडा थर ब्लेडने खरवडून भुगा पंपाच्या प्रवाहात सोडा. तेवढे तीन-चार तास स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) बंद ठेवा आणि फिल्टरचा कापूस काढून ठेवा, नाहीतर बीज थेट कचऱ्यात जाईल.

आता पाणी. क्षारता, म्हणजे खारेपणा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग), मॅग्नेशियम १२८० ते १४००, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, ८ ते ९ डीकेएच (तो मोजायचं एकक). फॉस्फेट ०.१ च्या खाली ठेवा, कारण फॉस्फेट चुन्याचे स्फटिक वाढू देत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं तर उलटं होतं: कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यातच एकमेकांना धरतात आणि पांढरी पूड हीटरवर बसते.

पण आकड्यांपेक्षा स्थिरता मोठी. अल्कलिनिटी आज ७ आणि परवा १० असेल, तर महाग मीठ वापरूनही काही उगवणार नाही. म्हणून आधी टाकी रोज किती अल्कलिनिटी खाते ते मोजा. समजा १०० लिटर पाण्यात काही न घालता तीन दिवसांत ८.६ वरून ८.० झालं. म्हणजे रोज ०.२ डीकेएच. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे रोज ०.६ ग्रॅम. त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट रोज अर्धा ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवा आणि मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. एकत्र ओतलंत तर टाकीत दूध सांडल्यासारखं होईल.

दुसरा मार्ग आपल्या आज्यांना ठाऊक होता: चुन्याची निवळी. रीफवाले तिला कालकवासर म्हणतात, वस्तू तीच. पानाच्या टपरीवरचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही. खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. एक लिटर आरओ-डीआय (सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात दीड ते दोन ग्रॅम घालून ढवळा, झाकण लावा, रात्रभर निवळू द्या. तळाचा गाळ तसाच राहू द्या, वरचं नितळ पाणीच वापरा. झाकण नसेल तर वर कुरकुरीत पापुद्रा धरतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची तिथेच चुनखडी केलेली असते, आणि निवळीतला तेवढा चुना वाया गेलेला असतो. अशी एक लिटर निवळी १०० लिटर टाकीत सुमारे १.१ डीकेएच आणि ८ पीपीएम कॅल्शियम वाढवते. वरच्या हिशोबाने रोज १८० मिली पुरे. तिचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून रात्री, थेंब-थेंब, प्रवाह जोरात असेल तिथेच. टाकीचा पीएच ८.५ च्या वर गेला की थांबा.

कोकणात दोन अडचणी जास्तीच्या. एप्रिल-मेमध्ये पाणी ३०-३१ अंशांवर जातं. पंखा लावून बाष्पीभवनाने थंड करायची युक्ती आपल्या दमट हवेत अर्धीच चालते, आणि बाष्पीभवनाने क्षारता वाढते ती वेगळीच. २५-२६ अंशांसाठी चिलरचा खर्च धरूनच टाकी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत. दुसरी अडचण पावसाळ्यातली. खिडक्या बंद, घरात माणसं, गॅस चालू. खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच ७.८ वर येतो. चुना बसायचा वेग तिथेच मंदावतो. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढली की बराच फरक पडतो. नळीचं तोंड पागोळ्यांखाली येऊ देऊ नका. समुद्राचं पाणी भरून आणणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर तो नाद सोडावा. खाडीच्या तोंडाशी तेव्हा गढूळ, गोडं पाणी असतं.

प्रकाश जास्त म्हणजे वाढ जास्त, असंही नाही. कोरलाइन सावलीतलं. पहिले ठिपके दगडाच्या बाजूला, पंपाच्या मागे दिसतात, एक-दोन महिन्यांत; चांगला थर धरायला सहा महिने ते वर्ष. दिवे एकदम पूर्ण जोरावर नेलेत तर आलेला थरही पांढरा होतो. आणि जांभळं दिसलं म्हणून लगेच पेढे वाटू नका. बोट फिरवा. बुळबुळीत पापुद्रा बोटाला लागून आला तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शैवालासारखे दिसणारे जिवाणू, प्रवाह कमी आणि अन्न जास्त झाल्याची खूण. बोटाला काहीच लागलं नाही, नुसतं खरखरीत वाटलं, तर ते कोरलाइन. गोगलगायी ठेवा, त्या वरची हिरवी साय खातात. समुद्री साळू मात्र कोरलाइनच कुरतडतो.

एकदा जम बसला की ते काचेवर आणि पंपाच्या पात्यांवरही चढतं. पंप आवाज करू लागला की उघडा, व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून तासभर बुडवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, साध्या पाण्यात धुऊन पुन्हा लावा. ॲक्रिलिकच्या टाकीवर ब्लेड चालवू नका. तिथे प्लॅस्टिकचं जुनं कार्डच बरं.