चित्र नंतर, आधी त्याची फाईल जपा

मंडळी, सिन्नरचं गोंदेश्वर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. पुढच्या वेळी गेलात की शिखराकडे जरा थांबून बघा, मोठ्या शिखरावर छोट्या छोट्या शिखरांच्याच रांगा वर चढत गेल्यात, भूमिज शैली म्हणतात तिला. आणि पावसाळ्यात अंजनेरीला गेलात तर तिथला नेचा बघा, म्हणजे आपलं फर्न हो, त्याचं एकेक लहान पान अख्ख्या नेच्यासारखंच दिसतं. आकार स्वतःच्याच लहान प्रतींनी बनलेला. बेनुआ मँडेलब्रॉट या गणितज्ञाने 1975 मध्ये अशा आकारांना फ्रॅक्टल हे नाव दिलं. व्याख्या इथेच सोडू, आज आपल्याला कॉम्प्युटरवर अशी चित्रं काढून बघायचीत.

नेच्यापासूनच सुरू करू. मायकेल बार्न्सली नावाच्या गणितज्ञाने दाखवून दिलं की चार नियमांत अख्खा नेचा बसतो. प्रत्येक नियम म्हणजे सहा आकडे, ते बिंदूला सरकवतात, फिरवतात, जवळ ओढतात. कॉम्प्युटर एक बिंदू घेतो, चिठ्ठी काढल्यासारखा एक नियम निवडतो, बिंदू हलवतो, ठिपका ठेवतो, परत चिठ्ठी, परत ठिपका, असं लाखो वेळा. चिठ्ठ्या मात्र सारख्या नाहीत, एका नियमाला 85 टक्के, दोघांना सात-सात आणि देठाच्या नियमाला फक्त 1. चोवीस आकडे आणि चार शक्यता, अठ्ठावीस आकड्यांत नेचा! त्या 85 टक्केवाल्या नियमात 0.04 हा आकडा दोनदा येतो, एकदा अधिक, एकदा उणे. दोन्हीकडे शून्य टाका, नेचा सरळ उभा राहतो. दोन्ही चिन्हं उलटी करा, तो दुसऱ्या बाजूला वाकतो. हे स्वतःच्या हाताने एकदा करून बघाच, त्याशिवाय पुढचं अंगात मुरत नाही.

आता 1992 मध्ये स्कॉट ड्रेव्हस या प्रोग्रॅमर-कलाकाराने याच खेळात फ्रॅक्टल फ्लेम नावाची चित्र काढायची पद्धत आणली. त्याने तीन गोष्टी केल्या. एक, बिंदू हलवल्यावर तो वाकवायचा, भोवऱ्यासारखा फिरवायचा किंवा आतला बाहेर उलटा करायचा, त्यामुळे रेशमासारख्या वळ्या येतात. दोन, बिंदू कुठल्या नियमांतून फिरून आला त्यावरून त्याचा रंग. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. काही पिक्सेलवर बिंदू दहा वेळा येतो, काहींवर दहा लाख वेळा, सरळ मोजमापाने उजेड दिला तर दोन-चार जागा लखलखीत आणि बाकी सगळा अंधार, मग त्याने मोजणीचं लॉगरिदम घेतलं, म्हणजे ती संख्या दहाचा कितवा घात आहे ते, दहाचा झाला 1 आणि दहा लाखांचा 6, आणि अंधारात लपलेले बारीक धागे एकदम दिसायला लागले. शाळेत लॉगची कोष्टकं पाठ करताना आपल्याला कोणी हे दाखवलं असतं तर!

यासाठीचं टूल म्हणजे फ्लॅम-थ्री (flam3). फुकट आहे, मुक्त सोर्सचं आहे, उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर आप्ट (apt) या कमांडने एका ओळीत इन्स्टॉल होतं आणि ग्राफिक्स कार्ड लागत नाही, घरातला जुना लॅपटॉप चालतो. विंडो नाही, बटणं नाहीत, टर्मिनलवर कमांड टाईप करायची. त्यातला जीनोम नावाचा प्रोग्रॅम चित्राची कृती तयार करतो आणि रेंडर नावाचा ती कृती वाचून चित्र काढतो. सेटिंग कमांडच्या आधी लिहायचं, म्हणजे रिपीटला 50 दिलं की पन्नास नव्या कृती.

ही कृती म्हणजे साधी मजकुराची फाईल, नोटपॅडमध्ये उघडते. माझं सगळं सांगणं या फाईलभोवती आहे. चित्र हरवलं तर हरवू द्या, फाईल असेल तर उद्या तेच चित्र पोस्टर साईजमध्ये परत काढता येतं. एक आकडा बदला, बघा, परत बदला. कॉलेजमधली मुलं विचारतात की सगळं रँडम आहे तर कलाकाराने काय केलं? अहो, पन्नासातली बहुतेक चित्रं टाकायचीच असतात, धूर नाहीतर गिचमिड, त्यातलं एक ओळखायला नजर लागते, आणि मग त्या एकापाशी बसून आकडे हलवत राहायला चिकाटी. ड्रेव्हसच्या 1999 च्या इलेक्ट्रिक शीप या स्क्रीनसेव्हरमध्ये हीच निवड जगभरचे बघणारे करायचे, आवडलेल्याला मत द्यायचं, जास्त मतवाली चित्रं जगायची आणि त्यांची पिल्लं पुढे यायची.

क्वालिटीबद्दल थोडं. आधी कमी क्वालिटीवर छोटी चित्रं काढा, झटपट होतात, त्यातून निवडा, मगच मोठं रेंडर लावा. दाणेदारपणा निम्मा करायचा तर चौपट बिंदू लागतात, म्हणजे चौपट वेळ, त्यामुळे रात्री लावून झोपायचं. अ‍ॅनिमेशन असेल तर प्रत्येक फ्रेमची वेगळी फाईल बनते, मध्येच लाईट गेली तरी जिथे थांबलं त्या फ्रेमपासून परत सुरू करता येतं.

शेवटचा एक प्रयोग, हा दोघांनी मिळून करायचा. फाईल इतकी छोटी असते की व्हॉट्सअ‍ॅपवर पटकन जाते. पंचवटीतल्याने आपली निवडलेली कृती सिडकोतल्याला पाठवायची, त्याने स्वतःची आणि ती जीनोम प्रोग्रॅमला क्रॉस करायला द्यायची. तो कधी दोघांचे सगळे नियम एकत्र करतो, कधी आकड्यांचा मध्य काढतो, कधी एक नियम याचा, एक त्याचा घेतो. पद्धत आपणही सांगू शकतो, पण आधी त्यालाच निवडू द्या आणि पन्नास तरी काढा. चला, आता लॅपटॉप उघडा, ज्यांच्याकडे नाही त्यांनी शेजाऱ्याबरोबर बसा, जोड्या तशाही लागणारच आहेत.