तिला काय म्हणतात?

गोव्यातलं म्हापसा, शुक्रवारचा बाजार. मयड्याची केळी, हरमलची मिरची, चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या माळा. आणि या गर्दीच्या कडेला, गोणपाटावर बसलेली ही बेघर बाई. चेहरा मुद्दाम दाखवलेला नाही.

मराठी बोलणारे तिला भटकभवानी म्हणतात. कोकणीत कुणी पिशी म्हणतं, म्हणजे वेडी. बोलण्यात कानडी हेल असला की घाटी. घाटापलीकडून आलेल्या माणसांसाठीचा हा साधा शब्द आता हिणवायलाच वापरतात.

भटकभवानी. नीट ऐका. नवरात्रात भवानीच्याच नावानं बायका परडी घेऊन जोगवा मागतात, पाच घरं फिरतात, आणि आपण हात जोडून परडीत पीठ, तांदूळ घालतो. जिला घरच नाही म्हणून फिरावं लागतं, तिला मात्र त्याच देवीच्या नावानं शिवी. उंडगीचंही तसंच. उंडगा मुलगा म्हणजे उनाड, घरी पाय न ठरणारा. उंडगी म्हटलं की संशय थेट चारित्र्यावर. 'रस्त्यावरचा' माणूस गरीब असतो. 'रस्त्यावरची' बाई... पुढचं वाक्य कुणी पूर्णही करत नाही.

मडगाव रेल्वे स्टेशन, रात्री. फलाटावरची ही अंथरुणं दिव्याखाली आहेत. अंधारात झोपणं परवडत नाही. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईला गावाकडे 'टाकलेली' म्हणतात. टाकणाऱ्याला असा शब्द आम्हाला कुठं ऐकू आला नाही.

ही बांबोळी, मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो: भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं, तर पोलिसांनी तिला संरक्षणात घ्यायचं, तसं का घेतलं ते तिला समजावून सांगायचं, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणजे जिला आपण पिशी म्हणून हसून ओलांडतो, तिचा उपचारांवर हक्क आहे. आणि तिलाच भिकारीण ठरवलं, तर गोव्यात 1972 पासून भीक मागण्याविरुद्धचा कायदा आहेच.

उघड्यावर राहणारी बाई अडचणीत दिसली, तर 112 ला फोन करा. 'इथं एक वेडी बसलीय' असं सांगू नका. जागा सांगा, अंदाजे वय सांगा, तिला ताप आहे का, जखम आहे का, सोबत मूल आहे का, ते सांगा. त्याआधी तिला नाव विचारा.