भडकल दरवाजा: तटाआधीची वेस

मंडळी, वेस म्हटलं की आधी गावकूस डोळ्यांसमोर येतं. अब्रूची लक्तरं आपण वेशीवर टांगतो, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जातो. आधी भिंत, मग भिंतीला वाट.

आजच्या छत्रपती संभाजीनगरातला भडकल दरवाजा या हिशेबात बसत नाही. तो उभा राहिला 1612 साली. शहराच्या ज्या तटाचे अवशेष आपण पाहतो, तो औरंगजेबाच्या काळातला, 1682 चा. म्हणजे तटाच्या 70 वर्षं आधी दरवाजा! तेव्हा शहराचं नाव होतं खडकी, आणि मलिक अंबरने ते वसवून जेमतेम दोन वर्षं झाली होती.

हा अंबर कोण? इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा. हात बदलत बदलत दख्खनेत आला आणि बुडत्या निजामशाहीचा पेशवा झाला. शहाजीराजे पुढे त्याच्याच बाजूने भातवडीला लढले. गुजरातेतून नाशिकमार्गे अब्दुल्लाखान मोगली फौज घेऊन चालून आला, तेव्हा अंबरने समोरासमोर लढायचं टाळलं. रसद मारली, पिछाडीवर छापे घातले, फौज जेरीस आणून परत पाठवली. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा बांधला गेला.

दौलताबादच्या दरवाजांवर हत्तीच्या धडकेसाठी लोखंडी सुळे ठोकलेत. ते दरवाजे भीती ओळखून बांधलेले आहेत. भडकलच्या कमानीखाली उभं राहून मान वर केली, की वेगळंच काही जाणवतं. ही उंची पहाऱ्यासाठी नाही, मिरवणुकीसाठी आहे. मला तरी ती नेहमी तशीच वाटत आली आहे.

जहांगीरला हा माणूस किती सलत होता, ते एका चित्रात दिसतं. अंबरचं मुंडकं भाल्यावर खोचलेलं आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. चित्र काढलं तेव्हा अंबर हयात होता! तो 1626 मध्ये, ऐंशीच्या घरात, आपल्या मरणाने गेला. त्याआधी 1616 आणि 1621 मध्ये मोगलांनी खडकीची राखरांगोळी केली, तरी दरवाजा राहिला.

आता तट जागोजागी नाहीसा झालाय. दरवाजाच्या अंगाखांद्यावरून रहदारी वाहते. डागडुजी करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: सांधे चुन्याचे आहेत, तिथे चुनाच भरा. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि दगड आतून झिजत जातो. आणि फटीत पिंपळ रुजलेला दिसला, तर तो बोटभर असतानाच मुळासकट काढा.