पाटी पुसता येत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांचे पहिल्या सत्राचे निकाल डिसेंबरअखेर लागतात आणि डॉक्टर व्हायचे ठरवलेल्या काही मुलांच्या घरी तेव्हा अबोला पसरतो. आमच्या घरी तो माझ्या दुसऱ्या वर्षी पसरला. सेंद्रिय रसायनशास्त्रात 'सी', भौतिकशास्त्रात 'सी प्लस', आणि सत्र बिघडत असल्याचे मी आईबाबांना दोन महिने सांगितलेच नव्हते.

आईबाबा महाराष्ट्रात शिकलेले, त्यामुळे त्यांच्या मनात बारावीचा हिशोब होता. आजही भारतात 'नीट'च्या ७२० गुणांपैकी कमी पडले, तर मुले एक वर्ष 'ड्रॉप' घेतात, पुन्हा परीक्षेला बसतात आणि प्रवेश नव्या गुणांवर ठरतो. जुनी पाटी पुसली जाते. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश पदवीनंतर मिळतो, आणि तेथे ती पुसली जात नाही. येथील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालयांसाठीच्या 'ॲमकॅस' या सामाईक अर्जात एखादा विषय पुन्हा घेतला, तरी दोन्ही वेळच्या श्रेणी सरासरीत धरल्या जातात. मात्र त्याच अर्जात प्रत्येक वर्षाची सरासरी वेगळी दिसते, विज्ञान व गणिताचीही वेगळी दिसते, आणि म्हणून घसरणीइतकीच नंतरची चढणही वाचणाऱ्याला दिसते.

थोडे गणित करू. समजा, पहिल्या दोन सत्रांतील ३० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे विषयाच्या वजनाचे एकक) सरासरी चारपैकी ३.७ होती आणि तिसऱ्या सत्रातील १५ क्रेडिटना २.० मिळाले. एकूण सरासरी ३.१३ वर येते. उरलेल्या ७५ क्रेडिटना ३.८ राखले, तर पदवीअखेर ती ३.५५ होते. हे मी कागदावर मांडले, त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

पण ३.८ राखायचे कसे? ते सत्र का बिघडले, हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे लागते. मी पाच विषय, दोन प्रयोगशाळा आणि आठवड्याला पंधरा तासांची नोकरी एकदम अंगावर घेतली होती. शिवाय रासायनिक अभिक्रिया पाठ करत होते, इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातो याचे बाण स्वतः काढून पाहत नव्हते. कोणाच्या बाबतीत कारण आजारपण, नैराश्य किंवा घरातला मृत्यू असेल, तर आधी उपचार आणि विश्रांती हवी. मुदतीच्या आत विषय सोडला, तर श्रेणीऐवजी 'डब्ल्यू', म्हणजे विषय सोडल्याचा शेरा लागतो आणि तो सरासरीत धरला जात नाही. माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे नुकसान भरून काढण्याच्या घाईने पुढच्या सत्रात आणखी जड विषय घेणे. मी नोकरी सोडली, विषय कमी केले, प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत दर आठवड्याला जाऊ लागले, आणि वर्षभराने सेंद्रिय रसायनशास्त्रावरच उभे असलेले जीवरसायनशास्त्र घेऊन त्यात 'ए' मिळवला.

यानंतरचा निर्णय घरी सर्वांना जड गेला. पदवीनंतर लगेच प्रवेश हवा असेल, तर तिसरे वर्ष संपताच, साधारण जूनमध्ये अर्ज करावा लागतो आणि चौथ्या वर्षाच्या श्रेणी त्यात येत नाहीत. ज्यांची चढण अजून चालू आहे, त्यांनी एक वर्ष थांबावे, असे मी कळकळीने सांगते. 'वर्ष वाया गेले' हे शब्द मीही नातेवाइकांकडून ऐकले. त्याच वर्षी मी ४७२ ते ५२८ गुणांत मोजल्या जाणाऱ्या 'एमकॅट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची नीट तयारी केली आणि एका रुग्णालयात स्वयंसेवा केली.

मुलाखतीत त्या सत्राविषयी विचारले गेलेच. काय चुकले आणि मी काय बदलले, एवढेच मी चार वाक्यांत सांगितले. समोरच्या डॉक्टरांनी मान हलवली, पान उलटले आणि रुग्णालयात मी रुग्णांशी काय बोलत असे, हे विचारले.