यादी एकीची, वापर दुसरीचा

(नाशिकमधले प्रोग्रॅमर आणि संगणकशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन भाषा कशाला, असं काहींना वाटत असेल. हौसेनं कोणी करत नाही हो. समजा, लासलगावच्या कांदा लिलावाच्या हिशोबपट्ट्या बनवणारा जावातला जुना प्रोग्रॅम आहे. तो चालतोय, म्हणून त्याला हात लावायला कोणी धजत नाही. आता आवकेचं विश्लेषण नव्यानं लिहायचंय आणि नव्या मुलांना स्काला हवी आहे. दोन्ही भाषा जावा व्हर्च्युअल मशीनवरच, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या एकाच यंत्रणेवर चालतात, त्यामुळे एखादी संख्या किंवा स्ट्रिंग इकडून तिकडे द्यायला काही अडचण नाही. अडतं ते यादी देताना.

जावाची कलेक्शन्स, म्हणजे याद्या वगैरे ठेवायची तयार साधनं, १९९८ ची, जावा १.२ बरोबर आलेली. त्यांचा स्वभाव असा की यादी हातात आली की तिच्यात भर घाला, काढा, बदला. स्कालानं २०१० मध्ये, २.८ या आवृत्तीत, आपली कलेक्शन्स नव्यानं बांधली. तिथे नेहमीची यादी इम्युटेबल, म्हणजे न बदलणारी असते. तिच्यात भर घातली की नवी यादी मिळते, जुनी होती तशीच राहते. आता अशा दोघींमध्ये लिलावाला आलेल्या कांद्याच्या गाड्यांची एकच यादी फिरवायची आहे.

सरळ मार्ग म्हणजे प्रत काढणं. पण स्काला सहसा प्रत काढत नाही. ॲज-जावा किंवा ॲज-स्काला ही रूपांतराची मेथड बोलावली की मूळ यादीवर एक पातळ रॅपर, म्हणजे आवरण चढतं. यादी हजाराची असो की लाखाची, खर्च तेवढाच. हा प्रकार वाट्यानं दिलेल्या द्राक्षबागेसारखा आहे: कसणारा दुसरा, सातबारा मूळ मालकाच्या नावावर. मालकानं मध्येच दोन वेली उपटल्या तर कसणाऱ्याच्याही दोन वेली गेल्या. जावानं मूळ यादीतून गाडी काढली, की स्कालाच्या बाजूनंही ती गाडी गेली. आणि त्याच वेळी कोणी यादीवरून फिरत असेल तर कॉन्करंट-मॉडिफिकेशन-एक्सेप्शन (फिरता फिरता यादी बदलली म्हणून प्रोग्रॅम अडवणारी चूक) येण्याचीच शक्यता जास्त. उलट दिशेनं, स्कालाची इम्युटेबल यादी जावाला दिली, तर ती दिसते हुबेहूब जावाची लिस्ट. ॲड नावाची मेथडही असते. ती बोलावली की प्रोग्रॅम चालू असताना अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन, म्हणजे ‘हे काम इथे होत नाही’. कोड आधी तपासणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही.

एक्सेप्शन आलं तर निदान कळतं तरी. मला जास्त भीती वाटते ती गुपचूप होणाऱ्या गोष्टींची. स्कालाची लिस्ट ही एकापुढे एक जोडलेल्या कड्यांची यादी. पाचशेवी गाडी हवी तर पहिल्यापासून चालत जायचं. जावातला जुना लूप मात्र बिनधास्त गेट-शून्य, गेट-एक, गेट-दोन करत जातो. दहा हजार गाड्या असतील तर जवळपास पाच कोटी पावलं होतात. उत्तर बरोबर येतं, फक्त प्रोग्रॅम रखडतो, आणि दोष सर्व्हरला दिला जातो. तिथे स्कालाचा व्हेक्टर, म्हणजे हव्या त्या जागी झटकन पोचता येणारी यादी वापरा, प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट मॅपच्या कीची. मॅप म्हणजे की, अर्थात खूण दिली की तिच्यापुढची नोंद देणारी वही. इंट आणि लाँग हे पूर्णांकांचे लहान-मोठे प्रकार. स्कालात इंट १ आणि लाँग १ समान मानतात, तिचे मॅपही तसेच वागतात. जावात इंटिजर १ आणि लाँग १ हे इक्वल्सला, म्हणजे समानता तपासणाऱ्या मेथडला वेगळे. जुन्या कोडमध्ये कीचा प्रकार नुसता ऑब्जेक्ट, म्हणजे ‘काहीही चालेल’ असा असतो. डेटाबेसमधल्या बिगइंट, म्हणजे मोठ्या पूर्णांकांच्या रकान्यातून लाँग आला, आपण इंट घेऊन शोधायला गेलो. स्कालाच्या स्वतःच्या मॅपमध्ये गाडी सापडते. पण तोच मॅप मुळात जावाचा असेल आणि वर फक्त रॅपर असेल, तर उत्तर ‘नन’, म्हणजे काहीच नाही. गाडी आवारात उभी आहे आणि प्रोग्रॅम म्हणतो आलीच नाही! रॅपर चेहरा बदलतं, समानतेचे नियम मूळ मालकाचेच राहतात. आजच्या बोलण्यातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

स्कालात पूर्वी हे रूपांतर न सांगता, आपोआप व्हायचं. कोड सुबक दिसायचा, पण रॅपर कुठे चढलं ते दिसायचंच नाही. २.१२ मध्ये ती सोय मोडीत काढायचं ठरलं, २०१९ च्या २.१३ मध्ये ती गेली. बरं झालं.

त्याच मशीनवर चालणाऱ्या कोटलिन या भाषेनं वेगळी वाट धरली. कलेक्शन्स जावाचीच, फक्त वाचायची कोणती आणि बदलायची कोणती हा भेद कंपायलर सांभाळतो. जावाच्या बाजूला गेल्यावर तो भेद उरत नाही. कोटलिनच्या लिस्ट-ऑफनं बनवलेली तीन गाड्यांची यादी जावाला द्या. ॲड केलं तर एक्सेप्शन येतं, पण सेट करून पहिली गाडी खुशाल बदलता येते. तिथल्याच क्लोजर या भाषेचे व्हेक्टर तर थेट जावाची लिस्ट म्हणूनच वावरतात, रॅपरच नाही.

पायथॉनचं काय, असं मघाशी कुणीतरी विचारलं. तिथे प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणाच वेगळी, मेमरी वेगळी, त्यामुळे रॅपरची मजल फार जात नाही. २०१६ मध्ये सुरू झालेला अपाची ॲरो प्रकल्प वस्तू देण्याऐवजी मेमरीतली रकान्यांची मांडणीच ठरवून देतो. मोठा डेटा हाताळणाऱ्या स्पार्कमधून पायथॉनच्या पांडाज लायब्ररीकडे डेटा नेताना स्पार्क २.३ पासून तो वापरता येतो.

आणि प्रत कधी काढायची? यादी दुसऱ्या थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्रॅममध्ये त्याच वेळी चालणाऱ्या दुसऱ्या कामाकडे जाणार असेल किंवा पलीकडचा तिला बराच वेळ धरून ठेवणार असेल, तर मी मुकाट्यानं प्रत काढतो. जावा १० पासून त्यासाठी लिस्ट-कॉपीऑफ आहे. तिला नल, म्हणजे रिकामी जागा चालत नाही, तेव्हा वजनाच्या यादीत एखादी जागा रिकामी असेल तर ती तिथेच थांबते. मला ते सोयीचंच वाटतं. हिशोबपट्टी छापून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.