दाजींची गाडी आणि समृद्धीवरची हवा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या भाऊबीजेला मी जालन्याला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झालं, ताट आत गेलं आणि दाजींनी माझ्यासमोर चार कागद पसरले. चार शोरूममधून आणलेले चार गाड्यांचे भाव. "विजेवरचीच घ्यायची, हे पक्कं आहे," दाजी म्हणाले. "फक्त बुटकी घेऊ का उंच, तेवढं तू सांग. तू चार वर्षं चालवतोयस."

बुटकी म्हणजे सेडान, डिकी वेगळी असलेली, जमिनीलगतची. उंच म्हणजे एसयूव्ही. प्रश्न सोपा वाटतो, पण मला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जे कळलं तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी दाजींचं फिरणं सांगतो. त्यांचा बियाण्यांचा व्यापार. आठवड्यातून एकदा नागपूर, समृद्धी महामार्गावरून, जाऊन-येऊन सातशे किलोमीटर. एरवी गावातल्या गावात, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर. आणि पंधरा दिवसांतून एकदा ताईच्या सासूबाईंना घेऊन शेतावर. शेवटचा रस्ता कच्चा, आणि त्याआधीच्या वस्तीत गतिरोधकांची रांग.

आता आपल्याकडे वर्षानुवर्षं एक समजूत आहे. शहरापुरती हवी असेल तर छोटी, बुटकी गाडी चालते. लांब जायचं असेल तर मोठी, उंच, दणकट हवी. पेट्रोल-डिझेलवर ही समजूत चालून गेली, कारण टाकी पाच मिनिटांत भरते आणि थोडं जास्त तेल जळालं तर फक्त खिशाला कळतं. विजेच्या गाडीत मात्र हा हिशेब जवळपास उलटा होतो. शहरात उंच गाडीचा तोटा फारसा जाणवत नाही. तो जाणवतो महामार्गावर. हे मी दाजींना तोंडी सांगून पाहिलं, त्यांना पटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या एका स्नेह्याची विजेवरची एसयूव्ही मागून घेतली आणि आम्ही समृद्धीवर गेलो.

त्या गाडीची बॅटरी ४५ किलोवॅट-अवरची. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या लाइट बिलातलं एक युनिट. आपण युनिटच म्हणू. रस्ता सपाट, वारा नव्हता, गाडीत आम्ही दोघंच. मी ताशी ११५ चा वेग धरला. समोरच्या पडद्यावर खर्चाचा आकडा स्थिर झाला: शंभर किलोमीटरला २१ युनिट. वीस मिनिटं तसंच चालवलं. मग वेग ८५ वर आणला. आकडा उतरत उतरत १५ वर आला आणि तिथेच थांबला. दाजी तोवर खिडकीबाहेर बघत होते, आता पडद्याकडे बघायला लागले. "म्हणजे ११५ ला दोनशे किलोमीटर आणि ८५ ला तीनशे?" व्यापारी माणूस, हिशेब चटकन करतो. बरोबर होता तो हिशेब.

हे का होतं, ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

गाडी पळते तेव्हा तिला हवा बाजूला सारावी लागते. चालताना ही हवा आपल्याला जाणवत नाही. पण मोटरसायकलवर ८० च्या वेगात हात बाजूला काढा, हवा हात मागे ओढते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. ताशी ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट, पण ओढ सव्वादोन पट. शिवाय ही ओढ दोन गोष्टींवर ठरते: गाडीचं तोंड केवढं मोठं, आणि तिचा आकार किती सुळसुळीत. एसयूव्ही उंच म्हणून तोंड मोठं, आणि मागची बाजू सरळ कापलेली असेल तर तिच्यामागे हवेचे भोवरे होतात, तेही गाडीला मागे खेचतात. सेडानचं छत मागे उतरत जातं, हवा तिच्यावरून घसरून जाते.

याचं स्वच्छ उदाहरण ह्युंदाईचं आहे. आयोनिक ५ आणि आयोनिक ६ या सख्ख्या बहिणी. खालचा सांगाडा एकाच घराण्यातला, दोघींनाही ७७.४ युनिटची बॅटरी मिळे. पहिली उंच, चौकोनी. ती आपल्याकडे २०२३ मध्ये विक्रीला आली. दुसरी सेडान, पाण्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत. हवेचा अडथळा मोजायचा एक आकडा असतो, जितका कमी तितका चांगला. तो पहिलीचा ०.२८८, दुसरीचा ०.२१. अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत मागच्या चाकांना मोटर असलेली पहिली एका चार्जमध्ये ४८८ किलोमीटर गेली, दुसरी ५८१. बॅटरी तेवढीच, आणि पल्ल्यात ९३ किलोमीटरचा फरक.

चाकणचंही एक उदाहरण आहे. मर्सिडीजने ईक्यूएस ही सेडान २०२२ पासून चाकणच्या कारखान्यात जोडायला घेतली, आणि २०२४ मध्ये तिचीच एसयूव्ही. किमती दीड कोटीच्या आगेमागे होत्या, तेव्हा विकत घेण्यासाठी नाही, हिशेबासाठी बघा. सेडानची बॅटरी १०७.८ युनिटची, कागदावरचा पल्ला ८५७ किलोमीटर. एसयूव्हीची बॅटरी १२२ युनिटची, आणि पल्ला ८०९. चौदा युनिट जास्त घालूनही ती अठ्ठेचाळीस किलोमीटर मागेच राहिली.

कोणी म्हणेल, हा फरक वजनाचा असेल. थोडा आहेच. पण वजन आणि हवा यांत एक मोठा भेद आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बोरघाट घ्या. खोपोलीकडून खंडाळ्याला चढताना गाडी सुमारे ५०० मीटर वर जाते. दोन टनांची गाडी तेवढी उचलायला पावणेतीन युनिट लागतात, मोटरमधली घट वेगळी. पण उतरताना पाय सोडला की मोटर उलटं काम करते, वीज तयार होते आणि त्यातला बराच वाटा बॅटरीत परत येतो. म्हणजे वजनाला दिलेली वीज उसनवारीसारखी असते, काही ना काही परत मिळते. हवेला दिलेली वीज परत येत नाही. तिला ब्रेक लावून काही वसूल करता येत नाही, ती गेलीच.

आणि म्हणूनच शहरात उंच गाडी अंगावर येत नाही. तिथे वेग तीस-चाळीसचा, हवेची ओढ नगण्य. सिग्नलला थांबायचं, निघायचं. थांबताना वीज परत मिळते. ज्यांचं सगळं फिरणं पुण्यात, नाशकात किंवा ठाण्यात, ज्यांच्या सोसायटीत रात्री चार्जिंगची सोय आहे, त्यांनी पल्ल्याची चिंता करून सेडान शोधत बसू नये. त्यांनी आपल्या पार्किंगचा खांब आणि गाडीची रुंदी यांचं माप घ्यावं, ते जास्त उपयोगी.

महामार्गावर मात्र आणखी एक गोष्ट आहे, ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही. चार्जरची ताकद सगळे किलोवॅटमध्ये सांगतात. तुम्ही ती किलोमीटरमध्ये विचारा. समजा एका चार्जरवर अर्ध्या तासात २५ युनिट भरले. शंभराला १५ खाणाऱ्या गाडीत ते १६५ किलोमीटर झाले. शंभराला २१ खाणाऱ्या गाडीत १२० च्या खाली. वेळ तेवढाच, पैसे तेवढेच, आणि रस्ता पाऊण. जे आठवड्याला सातशे किलोमीटर करतात त्यांच्यासाठी हा फरक दर फेरीला एका जादा थांब्याचा आहे.

इथपर्यंत ऐकून दाजींचं मत सेडानच्या बाजूला झुकलं होतं. मग आम्ही सासूबाईंना घेऊन शोरूममध्ये गेलो.

सासूबाई शहात्तर वर्षांच्या. दोन्ही गुडघे झिजलेले, हातात चार पायांची काठी. सेडानचं मागचं दार उघडलं. त्यांनी एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला धरला, मान वाकवली, आणि सीटपर्यंत पोचायला खाली, आणखी खाली जावं लागलं. शेवटची चार बोटं त्या अक्षरशः पडल्या. बसल्यावर मी त्यांचे गुडघे पाहिले. मांडीखाली सीटच नव्हती, गुडघे वर उचललेले. याचं कारण बॅटरी. ती गाडीच्या तळाशी पसरलेली असते, त्यामुळे पायाखालची जमीन काही इंचांनी वर येते. उंच गाडीत सीटही तेवढी वर नेता येते. सेडानचं छत मुळात खाली, सीट वर नेली तर डोकं लागणार. मग पाय उकिडवं बसल्यासारखे राहतात. सगळ्याच सेडान अशा नसतात, म्हणून मागच्या सीटवर दहा मिनिटं बसून बघाच. घेणारा माणूस नेहमी पुढे बसून बघतो, आणि मागे बसणारा घरीच असतो.

उतरताना आम्हाला दोघांना त्यांना ओढावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. शेजारच्या उंच गाडीची सीट त्यांच्या कमरेला आली. त्या टेकल्या आणि पाय आत घेतले. काठी डिकीत उभी राहिली, सेडानमध्ये ती आडवी ठेवावी लागली होती.

गतिरोधकांचंही सांगतो. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे चाक हळूच चढून हळूच उतरतं. वस्तीतले लोक घालतात तो हातभर रुंद आणि वीतभर उंच. लोकांचं चुकत नाही, त्यांची पोरं रस्त्यावर खेळतात. पण माझ्या एका मित्राच्या विजेच्या सेडानमध्ये आम्ही पाच जण, डिकीत सामान, असे एका लग्नाला चाललो होतो. रिकामी असताना जी गाडी आरामात पार व्हायची ती पाच जणांच्या वजनाने खाली बसली, आणि गतिरोधकावर मधोमध पोट घासलं. तो कर्रर्र आवाज अजून कानात आहे. पेट्रोलच्या गाडीत तिथे सायलेन्सरची नळी असते, इथे बॅटरी असते. गाडी उचलून पाहिली तेव्हा खालचा पत्रा दबला होता, बॅटरी शाबूत होती. पण त्या दिवसापासून तो मित्र प्रत्येक गतिरोधकापाशी दोघांना खाली उतरवतो.

आता बाजारात काय आहे. खरं सांगायचं तर भारतात विजेवरच्या सेडान फार थोड्या आहेत. महिंद्राची ई-व्हेरिटो २०१६ ला आली, मग टाटाची टिगोर. पण त्या आधी सरकारी कार्यालयांत आणि टॅक्सीच्या ताफ्यांत दिसल्या, आणि घरच्या माणसाच्या मनात "ही टॅक्सीची गाडी" असं बसलं. टिगोरची बॅटरी २६ युनिटची. शहराला उत्तम, नागपूरच्या फेरीला अपुरी. त्यावर थेट बीवायडी या चिनी कंपनीची सील, २०२४ ला आली तेव्हा ४१ लाखांपासून. मधली जागा जवळजवळ मोकळी. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पेट्रोलच्या काळात चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, म्हणून आपल्याकडे सेडानची डिकी छाटून छाटून विकली गेली. विजेच्या गाडीला लांबी कितीही असो, जीएसटी ५ टक्केच. मग पंचवीस लाखांत एक लांब, निमुळती, जमिनीपासून जरा वर उचललेली भारतीय सेडान का मिळू नये? आपल्या नव्या महामार्गांना तीच शोभेल.

तोवर मधला मार्ग म्हणजे उतरत्या छताच्या एसयूव्ही. टाटाची कर्व्ह, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. पोट वर, सीट कमरेला, आणि पाठ सेडानसारखी मागे उतरलेली. यात मागच्या माणसाच्या डोक्यावरची जागा मात्र नीट बघा. आणि बॅटरी मोठी घ्या. महिंद्राच्या दोन्ही गाड्यांत ५९ आणि ७९ युनिटचे पर्याय २०२४ पासून आहेत. महामार्गवाल्याने ७९ चाच विचार करावा. कागदावरचा पल्ला कोणाचाही असो, समृद्धीच्या वेगाला त्याचे दोन तृतीयांश धरून चाला.

आणि शोरूमवाल्याकडे एक हट्ट धरा. ते गाडी चौकाला वळसा घालून आणतात, त्यातून काही कळत नाही. अर्धा तास महामार्गावर न्या, घरची माणसं आणि सामान घालून. खर्चाचा आकडा शून्यावर आणून ८० ला पंधरा मिनिटं, १०० ला पंधरा मिनिटं चालवा आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा. चार गाड्यांचे असे आठ आकडे झाले की निम्मा निर्णय तिथेच होतो.

दाजींनी उतरत्या छताची, मोठ्या बॅटरीची घेतली. सासूबाईंसाठी. पहिल्या नागपूर फेरीहून परतल्यावर रात्री त्यांचा फोन आला. जाताना ११५ ने गेले होते, वाटेत चार्जरवर पस्तीस मिनिटं बसले. येताना ९५ च्या वर गेले नाहीत, कुठेही थांबावं लागलं नाही. "दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला रे," ते म्हणाले, "पण येताना कंबर दुखली नाही." मागून सासूबाईंचा आवाज आला, शेतावर कधी जायचं म्हणून.

नमस्कार.