तीन हिवाळे छाटणी कुणी केली?

नमस्कार मंडळी.

आपल्या कॅलिफोर्नियात हायवे ९९ वर टरलॉक सोडलं की मर्सेडच्या अलीकडे लिव्हिंग्स्टन हे गाव लागतं. आपल्यातले बरेच जण योसेमिटीला जाताना तिथून गेले असतील. माझे वडील, आप्पा, तासगावहून आले होते तेव्हा त्यांनी त्या भागात एका बागेशी गाडी थांबवायला लावली. वेलाचं खोड हातात धरून पाहिलं, माती चिमटीत घेतली आणि म्हणाले, "ही तर नुसती वाळू आहे. यात बाग आणली कुणी?"

ती आणली जपानी कुटुंबांनी. सॅन फ्रान्सिस्कोत जपानी वर्तमानपत्र चालवणारे क्यूतारो अबिको यांनी इथं सुमारे ३,२०० एकर जमीन मिळवली आणि आपल्या लोकांना तुकडे पाडून विकली. १९०६-०७ च्या सुमारास पहिली माणसं राहायला आली. वसाहतीचं नाव यामातो. तोवर बहुतेक जपानी तरुण चार वर्षं मजुरी करून, पैसे साठवून गावी परतायच्या हिशेबानं इथं येत. अबिकोंचं म्हणणं होतं, इथंच जमीन घ्या, संसार थाटा, इथलेच व्हा.

वारा सुटला की ती वाळू उडायची आणि कोवळी रोपं झाकून टाकायची. द्राक्ष बागायतदाराची मुलगी म्हणून मला यातलं एक फार जवळून कळतं. रोप लावल्यावर पहिलं वर्ष मुळं धरण्यात जातं, दुसरं खोड उभं करण्यात, आणि पदरात माल पडायला तिसरं-चौथं वर्ष उजाडतं. तोवर घर चालवायचं कशावर? या लोकांनी मधल्या काळात भाजीपाला काढला. पुढं द्राक्षं आणि पीच यांवर गाव उभं राहिलं.

बायकांचं काय? अनेक जणी नुसता फोटो पाहून ठरलेल्या लग्नानं समुद्र ओलांडून आल्या होत्या. दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीनं शेतात, आणि वर घरचं सगळं. संध्याकाळी 'फुरो' तापवायचा, म्हणजे खाली लाकडं पेटवून पाणी कढत करायचं मोठं टाकं. अंग बाहेर धुऊन मग त्यात बसायचं, एकाच पाण्यात घरातल्या सगळ्यांनी, आळीपाळीनं. आपल्या बंबाशेजारी वाढलेल्या कुणालाही ती संध्याकाळ डोळ्यांसमोर उभी करता येईल.

१९१३ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला: जे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, रोख आशियाई शेतकऱ्यांवर होता. लिव्हिंग्स्टनमध्ये ज्यांनी आधीच खरेदी केली होती त्यांची जमीन टिकली. राज्यात इतरत्र अनेकांनी इथं जन्मलेल्या लेकरांच्या नावानं जमिनी घेतल्या. आणि हे फक्त जपान्यांचं दुखणं नव्हतं, हे या सभागृहात मला मुद्दाम सांगायचं आहे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जपानहून आलेल्या ताकाओ ओझावा यांना नागरिकत्व नाकारलं आणि १९२३ मध्ये पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंड यांना. म्हणजे आपल्यालाही. भारतीयांना ते दार १९४६ मध्ये उघडलं, जपान्यांना १९५२ मध्ये.

मग जपानशी युद्ध पेटलं. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि जपानी वंशाच्या लोकांना घरांतून हलवायची मुभा सैन्याला मिळाली. मे महिन्यात या कुटुंबांना हातात मावेल तेवढं सामान घेऊन मर्सेडच्या जत्रेच्या मैदानावर जायला लावलं, तिथून कोलोराडोतल्या अमाची छावणीत. काटेरी कुंपण, पहाऱ्याचे मनोरे. त्यांची इथं जन्मलेली मुलं तर अमेरिकी नागरिक होती!

हे ऐकून आप्पा गप्प झाले. जरा वेळानं त्यांनी जे विचारलं ते माझ्या मनात आलंच नव्हतं. "मग छाटणी कुणी केली?"

छाटणी थांबत नाही. इथं थंडीत एकदाच येते, पण चुकली की बाग रानटी होते. जायला मोजके आठवडे उरलेले असताना लिव्हिंग्स्टन आणि शेजारच्या कॉर्टेझ, क्रेसी या वसाहतींतल्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं: कुणी एकट्यानं विकायचं नाही. सगळ्यांच्या बागा एका विश्वस्त मंडळाच्या हवाली केल्या, पगारी मॅनेजर नेमला, त्यानं कसणारी माणसं लावली, हिशेब ठेवले. इतर ठिकाणी लोकांनी कवडीमोलानं जमिनी विकल्या, किंवा परत आले तेव्हा काही उरलंच नव्हतं. इथल्या बहुतेकांना आपली बाग परत मिळाली. हे एका रात्रीत जमलं नव्हतं. माल एकत्र विकायची, खरेदी एकत्र करायची सवय त्यांना आधीपासून होती. आप्पांनी सोसायटीत उभी हयात घालवली आहे, त्यांना हे दोन वाक्यांत समजलं.

१९४५ मध्ये लोक परतू लागले. सगळ्यांचं स्वागत झालं असं नाही. सेंट्रल व्हॅलीत परतलेल्यांच्या घरांवर रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. तरी ते बागेत उतरले.

मर्सेडच्या त्या मैदानावर आता स्मारक आहे. बॅगांच्या ढिगावर बसलेली एक लहान मुलगी, आणि मागे तिथं ठेवलेल्या साडेचार हजारांहून अधिक माणसांची नावं. आप्पा एकेका नावावर बोट ठेवत मला मोठ्यानं वाचायला लावत होते. अंधार पडला, आमची निम्मीही नावं झाली नव्हती.

उरलेली वाचायला मी जानेवारीत, छाटणी सुरू असताना जाणार आहे. माझ्या गाडीत चार जागा आहेत.